एकाच अंगाने येणारा देव

आमच्या गावात पहाटेच्या ध्यानाला जायचं तर बायका मिळूनच जातात. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात टॉर्च. देवाचं भय नसतं, वाघाचं असतं. नागभीडच्या रस्त्याला लागून गाव. एका बाजूला रेल्वेची लाइन, दुसऱ्या बाजूला तलाव आणि तलावाच्या मागे जंगल. थंडीत तलावावरचं धुकं उठून धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भाताच्या खाचरांवर, पसरतं, आणि त्यात प्रार्थना मंदिराचा भगवा झेंडा तेवढा वर दिसत राहतो, बाकी गाव नाहीच. मी शाल लपेटून त्या धुक्यातून चालायची तेव्हा मला नेहमी वाटायचं, आपण अजून अंथरुणातून उठलेलोच नाही. पाय ओल्या गवतावरून जातायत, पण झोप चालूच आहे.

मी गावातली अंगणवाडीची बाई. बोलणं हेच माझं काम. हा मोर, हा ससा, ही गाडी, हात धुवा, नाक पुसा, असं दिवसभर. घरी आल्यावरही तोंड बंद होत नाही. नवरा शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. तो म्हणायचा, मोटरीला बटन असते, तुला देवानं द्यायचं राहून गेलं. तो मुळात कमी बोलणारा. आमच्या घरातलं दोघांचंही बोलणं मीच करत आले आहे.

ध्यान आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. दिवा लावायचा, डोळे मिटायचे, गप्प बसायचं, मग भजन म्हणून घरी. मला गप्प बसणं जड जायचं, पण जायची. दोन हिवाळ्यांपूर्वी कोणीतरी मोबाईलवर पाहून जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्रकार आणला. भात्यासारखा श्वास घेतला की रक्त मेंदूत चढतं, डोकं तल्लख होतं, असं सांगितलं गेलं. मला एक खोड आहे. चार बायका काही करत असल्या की मला ते त्यांच्यापेक्षा जास्त करून दाखवायचं असतं. मी असा श्वास घ्यायला लागले की शेजारची बाई दचकून सरकून बसायची.

तिथेच ते पहिल्यांदा झालं, निदान मला कळलं ते पहिल्यांदा.

उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या आणि हातही गेला. म्हणजे मांडीवर हात दिसत होता, बांगड्या माझ्याच होत्या, पण कोणीतरी आपला हात माझ्या मांडीवर विसरून गेल्यासारखं वाटत होतं. मी समोर पाहिलं. पिवळं काहीतरी होतं, हलत होतं, खालून निळं आणि वर टोकाला विरत जाणारं. त्याला दिवा म्हणतात हे त्या वेळी माझ्यापाशी नव्हतं. बायकांचा आवाज येत होता, तो पाण्यासारखा नुसता वाहत होता. त्यात शब्द नव्हते. माझं नाव, माझं घर, आज करायचा मुलांचा खाऊ, काही नव्हतं. मला भीती वाटली नाही. भीती वाटायलासुद्धा काहीतरी आठवावं लागत असणार. फक्त ते पिवळं होतं आणि ते इतकं सुंदर होतं की आजही त्याबद्दल लिहिताना मला थोडं हरवल्यासारखं होतं.

थोड्या वेळाने सगळं परत आलं. आधी दिवा हा शब्द आला, मग हात. डोळे वर करून पाहते तो बायका माझ्याकडे टक लावून पाहत होत्या, आणि एक म्हातारी वाकून माझ्या पायाला हात लावत होती.

ही म्हातारी आमच्या गल्लीत, समोरच्याच घरात एकटी राहते. तिचा एकुलता एक मुलगा मिरची तोडायला गावच्या टोळीबरोबर तेलंगणात गेला होता. दरवर्षी जातात माणसं. बाकीची परत आली. हा तिकडेच तापाने गेला आणि तिकडेच त्याला अग्नी दिला. म्हातारीकडे त्याची पिशवी तेवढी आली. जायच्या दिवशी मायलेकांचं भांडण झालेलं, तो न जेवता निघाला होता. तिने त्याचं शेवटचं तोंड पाहिलं नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि तिच्यासमोर कोणी काढत नसे.

तर त्या दिवशी म्हातारीने ठरवलं की मला ध्यान लागलं. बाकीच्यांनी ते लगेच मान्य केलं. डोळे अर्धे उघडे, चेहरा शांत, ओठावर हसू, हाक मारली तर ओ नाही, आणखी काय पाहिजे? पुढे हे वारंवार व्हायला लागलं. मी भात्यासारखा श्वास घ्यायची आणि निघून जायची. बायका मला मधोमध बसवू लागल्या. कोणी नारळ आणला, कोणी तान्ह्याला माझ्या मांडीवर घातलं. अंगणवाडीची मदतनीस आधी मला उलट उत्तरं द्यायची. ती एकदम अदबीनं बोलू लागली. खोटं कशाला सांगू, मला आवडत होतं. जन्मभर बडबडी म्हणून ओळखली गेलेली बाई गप्प बसून मोठी होत होती.

एका सकाळी नवरा मंदिराजवळ आला. कोणाच्या तरी शेतावर जायचं होतं आणि घराची किल्ली माझ्या कमरेला. तो ओसरीच्या खांबापाशी उभा राहिला आणि त्याने मला त्या अवस्थेत पाहिलं. घरी आल्यावर चहा पीत तो म्हणाला, "देव आला असता त दोन्हीकडून आला असता. हा एकाच अंगानं काऊन येते?"

मी विचारलं, म्हणजे काय. त्याने सांगितलं की माझं ते हसू डाव्या गालातच होतं. उजवा कोपरा लोंबत होता आणि तिथून लाळ गळत होती. उजवा हात ओला कपडा टाकून द्यावा तसा पडला होता. डावा हात मात्र पदर सावरत होता.

मला असा राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही. तो बिचारा घाबरून गेला. माझं न बोलणं त्याने लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. त्याला वाटलं, पुन्हा तेच झालं. संध्याकाळी त्याने मला मुद्दाम चिडवलं, भाजीत मीठ नाही म्हणाला, आणि मी फाडकन उत्तर दिलं तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

राग ओसरल्यावर मात्र मला एकेक आठवू लागलं. चूल फुंकताना चिमटा हातातून गळून पडायचा. गरम चहावर फुंकर घालता घालता बशी कलंडायची. भाचीच्या लग्नात तिला सासरी वाटेला लावताना मी खूप रडले आणि मग तिला काहीतरी म्हणायचं होतं ते तोंडातून निघेना. सगळ्यांना वाटलं, मायेने गळा दाटला. मी हे आठवून आठवून बाजूला सारत होते. मला ध्यान हवं होतं.

मग एका दुपारी ते फार लांबलं. अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटत नव्हती, लाकूड ओलं होतं, मी फुंकणीने फुंकत बसले. हात गेला, नावं गेली, चुलीतला जाळ सुंदर झाला. पण या वेळी नावं परत येईनात. नवरा आला, मला धरून खाटेवर बसवलं. मला तहान लागली होती. मला पाणी म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं, "खिडकी." मला कळत होतं की हे ते नव्हे. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खिडकी. नवऱ्याने उठून खिडकी उघडली आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी डोकं हलवत होते, हातवारे करत होते, आणि तोंडातून तो एकच शब्द येत होता. त्या वेळी मी पहिल्यांदा घाबरले. आतापर्यंत शब्द गेले की मीही जात होते. या वेळी मी इथेच होते आणि शब्द नव्हते. हे असंच राहिलं तर माझ्याजवळ काय उरणार? मी मुलांना काय सांगणार? या मुक्या माणसाशी घरात कोण बोलणार?

नवऱ्याने मला मोटारसायकलवर मागे बसवलं, त्याच्या दुपट्ट्याने माझी कंबर त्याच्या कमरेला बांधली आणि नागभीडला नेलं. वाटेत धानाच्या कापलेल्या बांध्यांवर लाखोळीचं पीक हिरवं दिसत होतं. मी गाल त्याच्या पाठीवर टेकवून ते हिरवं पाहत होते. नागभीड जवळ आलं तेव्हा माझ्या तोंडून "लाखोळी" असा शब्द आला. त्याने गाडी थांबवली नाही, पण त्याची पाठ हलली.

तिथल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली, दोन्ही बरोबर. पण एकाच अंगाने जातं हे नवऱ्याने सांगितल्यावर त्यांनी आम्हाला बसू दिलं नाही. चंद्रपूरला जा म्हणाले. चंद्रपूरला डोक्याचा फोटो निघाला. त्यात डाव्या बाजूला बारीक बारीक डाग होते, रक्त न मिळून सुकलेल्या जागा. तिथून नागपूर.

नागपूरचे डॉक्टर हळू आवाजात बोलणारे होते. मी त्यांना सगळं नीट सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. ते हे कधी कधी होतं ते विचारत होते. चूल फुंकताना. चहा फुंकताना. रडताना. ध्यानात श्वास घेताना. शेवटचं ऐकल्यावर त्यांनी लिहायचं थांबवून विचारलं, तो श्वास कसा घेता. मी उत्साहाने दाखवायला लागले तर त्यांनी झटकन माझा हात धरला आणि म्हणाले, नको, इथे नको, कुठेच नको.

मग त्यांनी समजावलं. माणूस जोरजोरात श्वास टाकायला लागला की डोक्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात. चांगल्या माणसाला फार तर गरगरल्यासारखं होतं. तुमच्या रक्तवाहिन्या आधीच बारीक झालेल्या दिसतात. त्या आवळल्या की बोलण्याच्या आणि हाताच्या जागेला रक्तच पोचत नाही. म्हणजे रक्त मेंदूत चढावं म्हणून मी जे करत होते, त्याने ते थांबत होतं. मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला फुंकायला बंदी केली आणि रडायलाही. रडायचं नाही, असं पथ्य मी तरी आजवर कोणाला पडलेलं ऐकलं नव्हतं.

अँजिओग्राफीच्या दिवशी मला थंड खोलीत एका अरुंद टेबलावर झोपवलं. मांडीतून एक बारीक नळी वर मानेपर्यंत नेली. ती जाताना काही कळलं नाही. मग म्हणाले, आता गरम वाटेल, हलू नका. आणि खरंच डोक्याच्या अर्ध्या भागात कोणीतरी कोमट पाणी ओतलं. मिटल्या डोळ्यांपुढे उजेड फुटले, तोंडात लोखंडाची चव आली. मला वाटलं, बाहेर धुकं असणार, आता भजन सुरू होईल. कोणी तरी "झालं, झालं" म्हणत माझ्या खांद्यावर थोपटत होतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना तो फोटो पडद्यावर दाखवला. मानेतून एक जाड रक्तवाहिनी झाडाच्या खोडासारखी वर येत होती आणि मेंदूच्या तळाशी आल्यावर एकदम संपत होती. जिथे फांद्या हव्यात तिथे नुसता धूर होता. बारीक बारीक असंख्य वाहिन्यांचा पुंजका, ओल्या लाकडाच्या चुलीतून निघावा तसा. खरी वाट बंद होत गेली म्हणून शरीराने घाईघाईत काढलेल्या या पाऊलवाटा, असं ते म्हणाले. जपानी डॉक्टरांनी या आजाराला धुराचंच नाव दिलं आहे. मी त्या धुराकडे बघत राहिले. म्हणजे ते पिवळं, ते निळं, ती शांतता या धुरातून येत होती. मला वाईट वाटलं, आणि ते फोटोतलं चित्र मला देखणंही वाटलं.

नवऱ्याला त्याच्या भाषेत कळलं. मोटर चांगली आहे, पाइप चोकला, तो म्हणाला, साफ करा. डॉक्टर म्हणाले, हा साफ होत नाही, दुसऱ्या विहिरीचं पाणी आणावं लागेल. त्यांनी माझं बोट धरून माझ्याच कानापुढे, कानशिलावर ठेवलं. तिथे काहीतरी टकटक उडत होतं. ही रक्तवाहिनी फक्त कातडीला रक्त देते, ते म्हणाले; हिला सोडवून कवटीला एक लहानशी खिडकी पाडायची आणि आत वळवून मेंदूवरच्या वाहिनीला शिवून टाकायची. केसापेक्षा बारीक दोऱ्याने, दुर्बिणीखाली. खिडकी हा शब्द ऐकून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

पुढचंही त्यांनी लपवलं नाही. ऑपरेशनमध्येच झटका येऊन बोलणं जाऊ शकतं. केलं नाही तर एक दिवस ते जाणार आणि परत येणार नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मी नवऱ्याला जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हटलं, मले तिथी, त्या ध्यानात, बरं वाटते. ऑपरेशन झालं की ते जाईल.

तो आपल्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहत होता. "मले नाई वाटत बरं," तो म्हणाला. "तू तिथी असली का मले ओळखत नाई. झाडाकडं पाहावं तशी पाहते माह्याकडं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तो एका दमात इतकं क्वचितच बोलला असेल. मी सही केली.

ऑपरेशनला अजून काही दिवस होते म्हणून आम्ही गावी आलो. मंदिरात जायचं नव्हतं. पहाटे बायकांची कुजबुज आमच्या दारावरून जायची आणि मी पडून ऐकायची. एका सकाळी समोरची म्हातारी आली, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. तेव्हा मला तिच्याच तोंडून कळलं की प्रत्येक ध्यानात ती माझ्या कानाशी येऊन विचारत असे, माहा पोट्टा दिसला का. आणि मी हो म्हटल्यासारखी मान हलवत असे. मला काही आठवेना. माझ्यापर्यंत नुसता आवाज आला असेल. तोंडाजवळ कोणी प्रेमाने वाकलं की माणूस मान हलवतोच. तिने त्या मानेवर दोन हिवाळे काढले होते.

आता ती वेगळंच घेऊन आली होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं की डोक्याच्या ऑपरेशनला पुरतं झोपवतात, टोचलं तरी कळत नाही.

"डॉक्टर तुले झोपवतीन, तवा तू लय दूर जाशीन," ती म्हणाली. "दिसला त त्याले सांगजो, माय रागात नाई."

नवरा दारात उभा होता. मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं; फोटो, धूर, रक्त, सगळं जिभेवर होतं. तिने माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले होते. तिचे हात धानाच्या रोवणी-कापणीने लाकडासारखे झालेले आहेत. मी म्हटलं, परत आल्यावर बोलू.

ऑपरेशनच्या सकाळी माझे डाव्या बाजूचे केस काढले. मला माझ्या केसांचा गर्व होता, पण त्या वेळी काही वाटलं नाही. मला वाटत होतं ते हे, की उठल्यावर पाणी म्हणता येईल का. चाकाच्या खाटेवरून नेत होते आणि मी वरचे दिवे पाहून मनात म्हणत होते, दिवा, दिवा, आणखी एक दिवा. नावं घट्ट धरून ठेवत होते. नवरा दरवाज्यापर्यंत बरोबर आला. माझ्या बांगड्या आणि मंगळसूत्र त्याच्या रुमालात होतं आणि तो रुमाल त्याने मुठीत आवळला होता. नाकावर मास्क आला. कोणीतरी म्हणालं, हळू श्वास घ्या, साधा. मी साधा श्वास घेतला.

आणि काहीच झालं नाही. हे नीट सांगितलं पाहिजे. पिवळं नव्हतं, धुकं नव्हतं, आवाज नव्हता. अंधार असता तर अंधार होता असं सांगितलं असतं. मास्क लावला आणि लगेच कोणीतरी हाक मारून उठवत होतं, मधलं कापून टाकलेलं. सकाळ गेली, दुपार गेली, एका माणसाने माझ्या डोक्यात वाकून केसापेक्षा बारीक दोऱ्याने टाके घातले, आणि मी कुठेही गेले नाही.

उठल्यावर मी पाणी म्हटलं. नर्सने ओल्या कापसाने ओठ पुसले. नवऱ्याला आत सोडलं तेव्हा मी त्याला म्हटलं, जेवले का? तो नाही म्हणाला. सगळं छान झालं म्हणून डॉक्टर गेले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शब्द पुन्हा सुटायला लागले. नर्स चित्रांची कार्डं दाखवायची, ही कार्डं मी मुलांना दाखवत आले तसलीच. हत्ती दाखवला, मी म्हटलं तलाव. घड्याळ दाखवलं, तलाव. कुलूप दाखवलं तेव्हा मी तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण तलावच येणार हे मला माहीत होतं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि रडायचंही नव्हतं.

डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आणि त्याने मला सांगितलं. बरेच दिवस कोरड्या पडलेल्या बांधीत एकदम पाणी सोडलं की काही दिवस नुसता चिखल होतो. बसू द्यावा लागतो. तो हे मला रोज सांगायचा, सकाळी आणि संध्याकाळी. आणि मधल्या वेळात तो बोलायचा. कोणाची मोटर जळली, कोणाच्या विहिरीला पाणी किती, येताना गाडीत कोण भेटलं. मी गप्प आणि तो बोलतोय. मी डोळे मिटून पडायची. टाक्यांखाली, कानाच्या वर, आता आतल्या बाजूने टकटक ऐकू यायची. तलावाचं पाणी रात्रभर बांधाला लागत राहतं तशी. त्याचा आवाज आणि ती टकटक, दोन्हींत मी तरंगत होते. त्या वेळी मला दिव्याची आठवण आली नाही. मला कुलूप हवं होतं, हत्ती हवा होता.

मग एका सकाळी नर्स पडदा ओढत होती आणि मी म्हटलं, थोडा उघडा राहू द्या, उजेड येतो. ती हो म्हणून निघूनही गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. नवरा पलंगाच्या कडेला बसून थर्मासमधून कपात चहा ओतत होता. तो ओतत राहिला, कप भरून वाहिला, चादरीवर गेला. मी त्याला म्हटलं, लक्ष कुठे आहे तुमचं. तो रडायला लागला. मी म्हटलं, रडू नका हो, मला बंदी आहे.

घरी आल्यावर माझ्या चष्म्याची दांडी कानशिलावरच्या त्या रक्तवाहिनीवर टेकायला नको असं सांगितलं होतं; नवऱ्याने पकडीने ती वाकवून बाहेर काढली. मी ओसरीत डोक्याला ओढणी बांधून, वाकड्या चष्म्याने बसायची. लोक येत, बघत, बोलत. मी सगळ्यांशी बोलत होते. एकही शब्द चुकत नव्हता. बोलण्यात असं सुख असतं हे मला आधी माहीत नव्हतं.

म्हातारी सगळे येऊन गेल्यावर आली. दुपार होती. ती माझ्याजवळ बसली, डोक्यावरच्या ओढणीवरून हलकेच हात फिरवला, आणि विचारलं, "सांगतलं का त्याले?"

मी इतके दिवस याच प्रश्नाची धास्ती घेऊन होते. मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. मला बोलता येत होतं आणि मान हलवून सुटायचं नव्हतं. मी तिला म्हटलं, "माय, तो नाई दिसला. तिथी कोणीच नव्हतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने पुन्हा विचारलं, नीट पाहिलं का? मी म्हटलं, नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलू लागलं. मला वाटलं, आता ही कोसळणार, आणि मी तिला धरायला हात पुढे केला, उजवा.

"तिथी नाई," ती हळूच म्हणाली. "मंग मेलाच नाई पोट्टा माहा."

मी बोलू लागले. सगळं सांगितलं. रक्तवाहिनी कशी बंद होती, धूर म्हणजे काय, भूल देतात तेव्हा माणूस कुठे जात नाही, टेबलावरच असतो. आधीही मी कुठे जात नव्हते, मला काही दिसत नव्हतं, मान आपोआप हलत होती. टोळीतल्या माणसांनी त्याला आपल्या हाताने अग्नी दिला हेही मी सांगितलं, जे गावात कोणी तिच्यासमोर बोलत नव्हतं. शब्द एकापाठोपाठ एक येत होते, प्रत्येक जागच्या जागी. ती मायेने ऐकत होती. मधून मधून माझ्या हातावर थोपटत होती, तापातल्या माणसाला थोपटावं तसं.

"अजून कमजोरी हाय तुले," ती म्हणाली. "बोलू नको जास्त."

मग ती उठली. इतक्या वर्षांत मी तिला अशी लगबगीने उठताना पाहिलं नव्हतं. पदर खोचून ती गल्ली ओलांडून गेली, आणि थोड्याच वेळात तिच्या अंगणातून सुपाने पाखडल्याचा आवाज येऊ लागला. नवरा तिच्या दारावरून आला. मी विचारलं, काय करतेय ती. तो म्हणाला, दोघांचे तांदूळ निवडते.